गॅलरीचं दार लावलं तरी

माझे वडील घरात सिगारेट ओढत नसत. निदान त्यांचा आणि आमचा सगळ्यांचा तसा समज होता. रात्रीचं जेवण झालं की ते गॅलरीत जायचे, मागे दार लोटून घ्यायचे आणि कठड्याला रेलून उभे राहायचे. थोड्या वेळाने आत यायचे, हात धुवायचे आणि माझ्या धाकट्या भावाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायचे. भावाला बाळदमा होता. थंडी सुरू झाली की रात्री त्याची छाती वाजायला लागायची आणि त्याला खांद्यावर टाकून डॉक्टरांकडे धावायचे तेही वडीलच. डॉक्टरांनी धुळीबद्दल विचारलं, गादीच्या कापसाबद्दल विचारलं, दही-केळं बंद करायला सांगितलं. घरात कुणी ओढतं का, हे मात्र कधी विचारलं नाही आणि आम्हीही आपण होऊन सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असंच कुणाला वाटलं नव्हतं.

भावाचा दमा त्या धुरामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. दम्याला कारणं अनेक असतात. पण दमेकरी मुलाच्या श्वासात तंबाखूचा धूर गेला की त्याचे झटके वाढतात आणि जास्त जोराचे येतात, हे आज पक्कं ठाऊक आहे. लोटलेलं दार तो धूर अडवत नाही, हेही ठाऊक आहे. का अडवत नाही, हे समजून घ्यायला आधी धुराकडे नीट पाहावं लागेल.

जळत्या सिगारेटमधून धूर दोन वाटांनी बाहेर येतो. एक ओढणाऱ्याच्या छातीत जाऊन परत फिरतो. दुसरा जळत्या टोकातून थेट हवेत मिसळतो. थोडा हिशेब करून पाहा. एक सिगारेट आठ-दहा मिनिटं पुरते. तेवढ्यात ओढणारा दहा-बारा झुरके घेतो आणि एकेक झुरका दोनेक सेकंदांचा असतो. सगळे झुरके एकत्र केले तरी अर्धं मिनिट भरत नाही. उरलेला सगळा वेळ सिगारेट बोटांत नुसती धुमसत असते आणि तो सगळा धूर खोलीचा. आजूबाजूच्यांच्या नाकात जाणाऱ्या धुरापैकी सुमारे ८५ टक्के धूर असा टोकाचा असतो.

हा टोकाचा धूर जास्त घातक का, ते चूल पेटवलेल्या माणसाला चटकन कळेल. जाळ नीट लागला की धूर कमी होतो. लाकूड धुमसायला लागलं की डोळे चुरचुरतात, खोकला येतो. तंबाखूचं तसंच आहे. झुरका घेताना टोकाला जोरात हवा मिळते, ते लालबुंद होतं आणि ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. झुरका थांबला की निखारा मंदावतो आणि तंबाखू अर्धवट जळते. अशा अर्धवट जळणाऱ्या तंबाखूतून झोंबणारा अमोनिया जास्त निघतो आणि नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक द्रव्यंही जास्त निघतात. शिवाय हा धूर फिल्टरमधून जातच नाही. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं सापडली आहेत आणि त्यांतली सत्तरेक कर्करोगाला कारण होऊ शकतात. ओढणाऱ्याला निदान फिल्टर तरी असतो. शेजारी खेळणाऱ्या मुलाला तोही नसतो.

आता त्या मुलाच्या छातीत डोकावू.

मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. नवजात बाळ चाळीस ते साठ वेळा घेतं. वजनाच्या मानाने पाहिलं तर त्याच खोलीत, त्याच वेळात, बाळ आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतं आणि त्या हवेबरोबर धूरही. बाळाची फुप्फुसं ही मोठ्यांच्या फुप्फुसांची छोटी प्रत नसते. हवेतला प्राणवायू रक्तात पोचवणारे फुग्यांसारखे वायुकोश बहुतेक जन्मानंतर तयार होतात. पहिली दोन-तीन वर्षं हे काम जोरात चाललेलं असतं आणि पुढेही बरीच वर्षं चालू राहतं. बांधकाम चालू असलेल्या घरात रोज धूर कोंडावा, तशी ही गत आहे.

श्वासनळीचं गणित तर आणखी बोलकं आहे. बाळाची श्वासनळी चार मिलिमीटर रुंद आहे असं धरू. धुराने आतलं अस्तर चिडून सगळीकडून एक मिलिमीटर सुजलं, तर वाट उरते दोन मिलिमीटर, म्हणजे निम्मी. पण नळी निम्मी झाली म्हणून श्वास घ्यायला दुप्पट जोर लागतो असं नाही. नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या हिशेबाने हवेला अडथळा वाढतो, म्हणजे सोळा पट. मोठ्या माणसाच्या आठ मिलिमीटरच्या नळीत तेवढीच सूज आली, तर अडथळा जेमतेम तीन पट होतो. एकाच धुराने वडिलांना नुसतं खाकरावं लागतं आणि मुलाची छाती वाजायला लागते, ती यामुळे.

कानाचंही असंच आहे. मधल्या कानातून घशाकडे जाणारी बारीक नळी लहान मुलांमध्ये आखूड आणि जवळजवळ आडवी असते. तिच्यातले सूक्ष्म केस कचरा बाहेर लोटतात. धुराने ते मंदावतात, पाणी साचतं, कान दुखतो, फुटतो, वाहतो. कान साचलेल्या मुलाला ऐकू कमी येतं आणि वर्गात बाई त्याला ‘लक्ष नसतं’ म्हणतात. न्यूमोनिया, ब्राँकायटिस आणि झोपेतच बाळ दगावण्याचा धोका, हे सगळं दुसऱ्याच्या धुराने वाढतं. आई गरोदर असताना तिच्याभोवती धूर असेल, तर बाळाचं वजन कमी भरू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ सालची जगभरची आकडेवारी एकत्र करून २०११ मध्ये अंदाज मांडला होता. त्यानुसार त्या एका वर्षात दुसऱ्याच्या धुराने सुमारे ६ लाख ३ हजार माणसं गेली. त्यांत १ लाख ६५ हजार मुलं होती. या मुलांनी आयुष्यात एकही झुरका घेतला नव्हता.

‘पण आमच्या मुलापर्यंत धूर पोचतच नाही’ असं म्हणणारे बहुतेक लोक मनापासून तसं मानत असतात. म्हणूनच मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मोजमापाची वाटते. निकोटिन शरीरात गेलं की यकृत त्याचं कोटिनिन नावाचं दुसरं द्रव्य बनवतं. निकोटिन दोनेक तासांत निम्मं होतं, पण कोटिनिनला निम्मं व्हायला साधारण सोळा ते वीस तास लागतात. त्यामुळे गेल्या तीन-चार दिवसांत मुलाने किती धूर गिळला, ते त्याच्या लाळेच्या थेंबावरून कळतं. केसांवरून तर मागच्या महिन्यांचा हिशेब लागतो, कारण केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि आपल्यात नोंद ठेवत जातो. घरातली माणसं काय सांगतात यावर ही तपासणी अवलंबून नाही. मुलाची लाळच साक्ष देते. ज्या घरांत मोठी माणसं फक्त बाहेर जाऊन ओढतात, त्या घरांतल्या मुलांमध्ये कोटिनिन घरात ओढणाऱ्यांच्या मुलांपेक्षा कमी सापडतं, पण कुणीच ओढत नसलेल्या घरांतल्या मुलांपेक्षा ते जास्तच असतं.

हा फरक कुठून येतो? धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनहून लहान असतात. माणसाचा केस त्यांच्यापेक्षा पन्नास-साठ पट जाड असतो. ते खाली बसत नाहीत, तरंगत राहतात, दाराच्या फटीतून आत शिरतात. डोळ्यांना दिसणारा धूर दोन-तीन मिनिटांत विरतो, पण हवेतले कण आणि वायू तासन्‌तास रेंगाळू शकतात. खिडकी उघडली, पंखा लावला, एक्झॉस्ट चालू केला, तर वास कमी होतो आणि धूर गेल्यासारखा वाटतो. पंखा तर त्याला घरभर पसरवतो. एसीच्या खोलीत तीच हवा फिरत राहते. इमारतीत राहणाऱ्यांना आणखी एक अनुभव असेल: खालच्या मजल्यावर कुणी संडासात ओढलं की वास आपल्या न्हाणीघरात येतो. डक्ट एकच असते. आणि गाडीच्या काचा खाली केल्या तरी एवढ्याशा डब्यात मागच्या सीटवरच्या मुलाला सुटका नसते. इंग्लंडने २०१५ च्या ऑक्टोबरपासून अठरा वर्षांखालचं कुणी गाडीत असताना ओढायला बंदी घातली, ती याचसाठी.

शिवाय एक तिसरा प्रकार आहे. धूर विरला तरी त्यातलं निकोटिन पडद्यांत, गादीत, सोफ्याच्या कापडात, शर्टाच्या बाहीत, बोटांवर बसून राहतं आणि घरातल्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून पुन्हा ती कर्करोगकारक नायट्रोसामाइन बनवतं. रांगणारं बाळ जमिनीवरचं सगळं हाताने उचलून तोंडात घालतं आणि बाबांच्या शर्टाला नाक लावून झोपतं. या शिळ्या धुराने नेमकं किती नुकसान होतं, यावर अभ्यास अजून चालू आहे, म्हणून मी त्याचा बाऊ करणार नाही. पण तान्ह्याला घेण्याआधी शर्ट बदलायला काही खर्च येत नाही.

विडीबद्दल एक गैरसमज फार ऐकू येतो. ती पानाची, म्हणून साधी. विडीत तंबाखू खरोखरच कमी असते, सिगारेटच्या चौथा हिस्साही नसेल. पण तेंदूच्या पानातून हवा सहज खेळत नाही, विडी सारखी विझायला येते, म्हणून ओढणाऱ्याला भराभर आणि खोल झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त पोटात जातं. सोलापूर आणि सिन्नरच्या ज्या घरांत बायका वर्षानुवर्षं विड्या वळत आल्या, त्यांच्या मुलांच्या श्वासात तर न पेटवलेल्या तंबाखूची भुकटीही जाते. पोटासाठी वळल्या जाणाऱ्या विड्यांचं हे दुखणं त्या बायकांच्या माथी मारता येणार नाही.

महाराष्ट्राचा आकडा पाहिला तर आपल्याकडे ओढणारे कमी आणि मळणारे-चघळणारे जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा यांचा धूर होत नाही म्हणून त्यांच्याविषयी इथे थोडक्यातच सांगते: मुलाच्या छातीला त्यांची झळ लागत नाही, पण तंबाखू घरात नेहमीचीच वस्तू होऊन जाते. आजीची मिश्रीची डबी आणि बाबांचं पाकीट शेजारी-शेजारी असतं, आणि मूल दोन्ही बघत मोठं होतं.

इथून गोष्ट मुलांच्या श्वासावरून त्यांच्या बोटांवर येते. २०१९ मध्ये देशातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात ८.५ टक्के मुलं कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. ११.२ टक्के मुलांच्या घरातच धूर होता. मला हादरवलं ते वेगळ्याच आकड्याने. कधी ना कधी सिगारेट ओढलेल्या मुलांपैकी ३८ टक्क्यांनी आणि विडी ओढलेल्यांपैकी ४७ टक्क्यांनी ती पहिल्यांदा तोंडाला लावली, तेव्हा त्यांना दहावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. म्हणजे चौथीच्या आत. त्या वयात मूल टपरीवर जाऊन पाकीट विकत घेत नाही. ते घरात पडलेलं थोटूक उचलतं, किंवा ‘जा रे, कोपऱ्यावरून दोन घेऊन ये’ म्हणून त्याला पाठवलेलं असतं.

किशोरवयात निकोटिन फार लवकर पकड घेतं. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत ते मेंदूत पोचतं आणि बक्षीस मिळाल्यासारखं वाटायला लावणारं डोपामाइन सुटतं. मेंदूचा थांबवणारा, परिणाम जोखणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. या अर्धवट घडलेल्या मेंदूला निकोटिन आपल्या सोयीने वळवून घेतं. रोज ओढायला लागण्याच्याही आधी, अधूनमधून ओढणाऱ्या मुलांना न ओढल्यावर अस्वस्थ वाटायला लागतं. ‘मी कधीही सोडू शकतो’ हे ते खोटं म्हणत नसतात, त्यांना खरंच तसं वाटत असतं. ज्यांच्या घरात आई-वडील ओढतात, ती मुलं इतरांपेक्षा या वाटेला लागण्याची शक्यता बरीच जास्त असते.

हुक्क्याबद्दल पालकांना फारच कमी माहिती असते. पाण्यातून गाळून आलेला धूर निर्धोक, अशी मुलांची समजूत असते. पाणी धूर थंड करतं, विष काढून घेत नाही. एक सिगारेट ओढताना सुमारे अर्धा लिटर धूर आत जातो. हुक्क्याच्या तासाभराच्या बैठकीत तो नव्वद लिटरपर्यंत जातो आणि त्यात कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वेगळा. महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी घातली आणि ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. तरी दप्तरात पेनासारखं दिसणारं काही सापडलं, तर ते उघडून बघा.

कायद्याने आपल्याकडे थोडंथोडकं केलेलं नाही. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये रुग्णालयं, शाळा, वाचनालयं, न्यायालयं, कचेऱ्या, बस आणि रेल्वेत ओढायला मनाई केली. २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागांवरची बंदी नव्या नियमांनी जारी झाली. दंड २०० रुपयांपर्यंत. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे नव्वदेक मीटरांत, ती विकणं गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. मुलांच्या खिशाला परवडते ती सुटी सिगारेट, म्हणून २०२० च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने सुटी विडी-सिगारेट विकायलाही मनाई केली. कागदावर सगळं आहे. शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीपाशी पाच मिनिटं उभं राहिलं की त्यातलं किती रस्त्यावर उतरलं, ते दिसतं.

बंदी नीट राबवली तर काय होतं, ते स्कॉटलंडमध्ये दिसलं. २६ मार्च २००६ ला तिथे बंदिस्त सार्वजनिक जागी ओढायला मनाई झाली. त्याआधी पंधरा वर्षांखालच्या मुलांना दम्यासाठी रुग्णालयात दाखल करण्याचं प्रमाण वर्षाला ५.२ टक्क्यांनी वाढत होतं. कायद्यानंतर ते वर्षाला १८.२ टक्क्यांनी घटू लागलं. लोक आता घरात जास्त ओढतील ही भीती होती, ती खरी ठरली नाही. अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या लाळेतलं कोटिनिन सरासरी ३९ टक्क्यांनी उतरलं. पण त्याच अभ्यासात एक खोच आहे. ज्यांच्या घरात कुणी ओढत नव्हतं किंवा फक्त वडील ओढत होते, त्या मुलांना फायदा झाला. ज्यांची आई किंवा आई-वडील दोघंही ओढत होते, त्या मुलांच्या लाळेत म्हणावा असा फरक पडला नाही. कायदा त्यांच्या उंबरठ्यापाशी थांबला.

आपल्या घरात उंबरठ्याच्या आतलं काम करायचं कुणी? सल्ला देणारे सहज सांगून जातात की घर धूरमुक्त ठेवा. सहा महिन्यांच्या बाळाची आई, सासऱ्यांना ‘इथे ओढू नका’ असं कोणत्या तोंडाने म्हणणार? घर त्यांचं, खुर्ची त्यांची, चाळीस वर्षांची सवय त्यांची. नवरा म्हणतो, ‘अण्णांना आता या वयात काय सांगायचं?’ आणि विषय मिटतो. मला वाटतं, हे तिच्यावर सोडणं अन्याय आहे. ज्याचे वडील, त्याने बोलावं. तेही जमत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विनंती करावी की औषधाच्या कागदावर पहिल्या ओळीत ‘घरात धूम्रपान नको’ एवढं लिहा. सुनेचं न ऐकणारे आजोबा नातवाच्या कागदावरचं ऐकतात. हे मी एकाहून जास्त घरांत पाहिलं आहे. पाहुण्यांसाठी ठेवलेला ॲशट्रे काढून टाकला की निम्मे पाहुणे न सांगताच खाली जातात.

एक गोष्ट मात्र करू नये. ‘जा, बाबांना सांग, मला धुराचा त्रास होतो’ म्हणून मुलाला पुढे करू नये. बाबांनी नाही सोडली तर आपल्यावर त्यांचं प्रेम नाही, असं मूल धरून बसतं. निकोटिनशी झगडणारा बाप प्रेम नसल्यामुळे हरत नसतो.

सोडायची इच्छा असणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ हा सरकारी मदतक्रमांक आहे. पाकिटावर छापलेलाही असतो. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं आणि मुंबईत टाटा मेमोरियलमधून या कामाचं केंद्र चालतं. पहिले काही दिवस सगळ्यात कठीण असतात. तलफ आली तरी ती बहुतेकदा काही मिनिटांत ओसरते, तेवढ्या मिनिटांना सोबत लागते. आणि सुटेपर्यंत निदान एवढं: ओढायचं तर गॅलरीत नाही, जिन्यात नाही, पार इमारतीबाहेर. वर यायच्या आधी थोडं थांबायचं, कारण संपल्यावरही काही मिनिटं श्वासातून धूर येत असतो. चूळ भरायची, हात धुवायचे, शर्ट बदलायचा आणि मग बाळाला घ्यायचं.

माझी मुलगी झाली तेव्हा वडील तिला बघायला आले. त्यांनी हात पुढे केले आणि मी म्हटलं, ‘बाबा, आधी शर्ट बदलून येता का?’ ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. काही बोलले नाहीत. माझ्या नवऱ्याचा शर्ट घालून आले आणि तिला घेऊन खिडकीशी बसले. सिगारेट सुटायला त्यानंतर दीड वर्ष लागलं. पण पुढच्या वेळेपासून ते येताना पिशवीत इस्त्रीचा एक शर्ट घेऊन यायचे.